नोटिशीतील ‘इक्विटेबल’ या शब्दाचा अर्थ

चोपडा तालुक्यातील एका शेतकरी गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या थोरल्या बंधूंनी वकिलामार्फत इंग्रजीतून नोटीस पाठवली असून तीत वडिलोपार्जित जमिनीचे ‘इक्विटेबल पार्टिशन’ मागितले आहे. शब्दकोशात ‘इक्विटेबल’ म्हणजे ‘न्याय्य, निःपक्षपाती’ असे मिळाले. भाचा म्हणतो, हा ‘इक्वल’चाच भारदस्त प्रकार आहे. गावातील एका जाणकारांचे मत मात्र असे की, थोरल्या भावाने विहीर खोदली आणि आईवडिलांना सांभाळले, म्हणून त्याला जमीन जास्त मिळावी असा या शब्दामागे डाव आहे. या तिघांत बरोबर कोण, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

खान्देशातील दिवाणी न्यायालयांत माझी बहुतेक वकिली वाटपाचे, साठेखताचे (जमीन विकण्याच्या कराराचे) आणि गहाणाचे दावे चालवण्यात गेली, आणि या तिन्ही प्रकारांत हा शब्द सतत भेटतो. म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर. भाच्याचे म्हणणे चूक आहे, जाणकारांचे त्याहून अधिक चूक आहे, आणि शब्दकोशातला अर्थ खरा असला तरी कामाला येणार नाही इतका मोघम आहे. वाटपाच्या दाव्यात प्रत्येकाला किती हिस्सा, हे कायदा ठरवतो आणि तेथे इक्विटीला, म्हणजे परिस्थिती पाहून विवेकाने केलेल्या न्यायाला, जागा नाही. तो हिस्सा कोणत्या गटातून, कोणत्या बाजूने आणि कोणत्या भरपाईने काढून द्यायचा, हा प्रश्न त्यानंतर येतो आणि ‘इक्विटेबल’ हा शब्द तेथे लागू पडतो.

आपल्या प्रकरणातच पाहा. आईवडील हयात नाहीत, दोन भाऊ आणि शिरपूरला दिलेली एक बहीण, असे आपण लिहिले आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 2005 साली झालेल्या दुरुस्तीने मुलगी मुलाप्रमाणेच जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हिस्सेदार झाली, आणि त्यासाठी वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. तेव्हा तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश. बहिणीच्या लग्नात खर्च झाला, थोरल्याने म्हातारपणी आईवडिलांची सेवा केली, धाकटा नोकरीनिमित्त सुरतेला राहिला, यांपैकी कशानेही हा अपूर्णांक हलत नाही. पक्षकारांना हे ऐकून अनेकदा राग येतो आणि तो मला समजतो, पण ज्याने आईवडिलांना सांभाळले त्याला जास्त द्यायचे, तर ते वडिलांनी हयातीत आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करून द्यायचे असते. न्यायाधीशांनी नंतर दयेपोटी द्यायचे नसते. इक्विटी कायद्याच्या मागून चालते, त्याला ओलांडून जात नाही, हे तिचे जुने आणि पक्के तत्त्व आहे.

आता वाटपाकडे येऊ. समजा, एक गट तापीकाठचा, काळ्या कसदार जमिनीचा, रस्त्याला लागून, विहिरीवर केळी उभी असलेला. आणि दुसरा सातपुड्याच्या पायथ्याकडचा, मुरमाड, पावसावर अवलंबून. दोन्ही गटांचे उभे तीन-तीन काप केले तर क्षेत्र अगदी समान पडेल. परंतु रस्ता एकाच कापाला लागेल, विहीर एकाच्याच बांधात येईल, पायथ्याकडील पट्ट्या नांगर वळवायलाही अपुऱ्या होतील, आणि काही तुकडे 1947 च्या तुकडेबंदी कायद्याच्या प्रमाणभूत, म्हणजे किमान ठरवलेल्या, क्षेत्राखाली जाऊन मुळातच बेकायदा ठरतील. हे वाटप इक्वल झाले, इक्विटेबल झाले नाही. आपल्याकडे जुन्या वाटणीपत्रांत आणि आजच्याही दाव्यांत यासाठी एक पक्का शब्दप्रयोग आहे: ‘सरस-निरस मानाने वाटप’. जमिनीचा कस, पाणी, रस्ता, झाडे आणि आकारणी पाहून चांगली जमीन थोडी कमी आणि हलकी जमीन थोडी जास्त, असे करून किमतीचा तोल साधायचा, हा त्याचा अर्थ. आपल्या नोटिशीतील इंग्रजी शब्दाच्या जागी ‘सरस-निरस मानाने’ हे शब्द घालून ती पुन्हा वाचावी. थोरल्या बंधूंनी नेमके काय मागितले आहे, हे तेवढ्याने बरेचसे उलगडेल.

विहिरीचा मुद्दा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या भागात भांडण जमिनीवरून सुरू होते आणि पाण्यावर येऊन अडते. विहीर एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नातून खोदली असेल तर ती तिघांची, मग कर्जाच्या कागदावर सही कोणाचीही असो. थोरल्याने स्वतःच्या स्वतंत्र कमाईतून, इतरांच्या माहितीने खोदली असेल, तर शक्य तेथे ती जागा त्यांच्याच हिश्श्यात टाकण्याकडे न्यायालयाचा कल असतो. तसे करता येत नसेल तर वाढलेल्या किमतीचा हिशेब करून तफावतीची रक्कम एकाने दुसऱ्याला देण्याचा हुकूम होतो. विहीर सामाईक ठेवायची ठरली तर ‘विहिरीत पाच आणे चार पै (म्हणजे एक तृतीयांश) हिस्सा’ एवढे लिहून भागत नाही. मी असा हुकूमनामा पाहिला आहे, ज्यात पाण्याच्या पाळ्या वारांप्रमाणे अगदी सारख्या वाटल्या होत्या, परंतु शेतीची वीज काही वार दिवसा आणि काही वार रात्री येत असल्याने एकाच भावाच्या वाट्याला कायम रात्रीचे पाणी आले. तो मध्यरात्री बॅटरी घेऊन बारे देत, म्हणजे पिकाला पाणी सोडत होता, दुसरा सकाळी न्याहारी करून मोटार सुरू करत होता, आणि कागदावर दोघांचे दिवस समान होते. पाळी ठराविक मुदतीने फिरती ठेवावी, एवढे एक वाक्य त्या हुकूमनाम्यात असते तर पुढची दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) टळली असती.

तीच गोष्ट परस्पर विक्रीची. एखाद्या सहहिस्सेदाराने रस्त्याकडील अर्धा एकर कोणाला न विचारता विकला, तर घेणाऱ्याला फार तर विकणाऱ्याचा हिस्सा मिळतो. पण इतरांचे नुकसान होत नसेल तर तोच तुकडा विकणाऱ्याच्या वाट्यात टाकून खरेदीदाराला सांभाळून घेतले जाते. गावठाणातील राहत्या घराचा अविभक्त हिस्सा परक्याने विकत घेऊन वाटपाचा दावा लावला, तर 1893 च्या वाटप कायद्याच्या कलम 4 खाली कुटुंबातील हिस्सेदाराला तो योग्य किमतीत परत घेता येतो. या तरतुदींमागची दृष्टी एकच आहे: हक्काचे प्रमाण मोडायचे नाही, आणि हक्क बजावताना दुसऱ्याची विनाकारण कुचंबणाही होऊ द्यायची नाही.

हा शब्द आपल्या न्यायालयांत आला कोठून, हे सांगितल्याशिवाय त्याच्या मर्यादा कळणार नाहीत. इंग्लंडमध्ये जुन्या सामान्य कायद्याच्या न्यायालयांत ठराविक प्रकारचाच दावा लावता येई आणि दादही ठराविकच, बहुधा पैशांच्या रूपात मिळे. ज्याचे गाऱ्हाणे त्या साच्यात बसत नसे तो राजाकडे अर्ज करी, आणि राजाच्या वतीने त्याचा वरिष्ठ मंत्री, चॅन्सेलर, विवेकबुद्धीने निकाल देई. त्यातून चॅन्सरी न्यायालय उभे राहिले आणि त्याच्या निकालांना इक्विटी म्हणू लागले. दोन न्यायालयांच्या आज्ञा एकमेकींच्या आड आल्या तर कोणाची चालणार, हा वाद 1615 च्या अर्ल ऑफ ऑक्सफर्डच्या खटल्यात विकोपाला गेला आणि राजा पहिला जेम्स याने इक्विटीच्या बाजूने कौल दिला. त्याच शतकात जॉन सेल्डन या कायदेपंडिताने टोमणा मारला होता की, इक्विटीचे माप चॅन्सेलरच्या विवेकाने ठरवणे म्हणजे लांबीचे माप त्याच्या पावलाने ठरवणे होय; चॅन्सेलर बदलला की पाऊल बदलले. हा टोमणा वर्मी लागणारा होता. पुढील काळात इक्विटीची तत्त्वे इतकी बांधीव झाली की ती स्वतःच एक कायदा बनली, आणि 1873 व 1875 च्या कायद्यांनी दोन्ही प्रकारची न्यायालये एक झाली.

खान्देशात हा शब्द 1827 साली पोहोचला. पेशवाई 1818 मध्ये बुडाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे आला होता. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीतील मुंबईच्या 1827 च्या चौथ्या रेग्युलेशनच्या कलम 26 मध्ये असा क्रम घालून दिला होता की, आधी पार्लमेंटचे कायदे व सरकारी रेग्युलेशने पाहावीत, ती नसतील तर त्या मुलखाचा रिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि यांपैकी काहीच नसेल तेव्हाच न्याय, इक्विटी व सद्सद्विवेक यांवर निकाल द्यावा. त्याच वर्षीच्या एकोणतिसाव्या रेग्युलेशनने ही व्यवस्था दख्खन आणि खान्देशाला लागू झाली. त्या क्रमात इक्विटीचे नाव सर्वांत शेवटी आहे, ही गोष्ट आजच्या पक्षकारानेही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कायदा आणि वहिवाट बोलायची थांबली की मग तिची पाळी. पुढे 1887 साली मुंबई इलाख्यातूनच गेलेल्या वाघेला राजसंजी प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधील तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, म्हटले की, न्याय, इक्विटी व सद्सद्विवेक म्हणजे साधारणपणे इंग्रजी कायद्याचे नियम, तेही भारतीय समाजाला व परिस्थितीला लागू पडतील तेवढे. मोकळ्या विवेकाचे दार त्यामुळे बरेच अरुंद झाले. आता तर इक्विटीची बहुतेक तत्त्वे आपल्याकडे लेखी कलमांत उतरली आहेत, आणि ‘इक्विटी आहे, साहेब’ एवढ्या युक्तिवादावर दावा जिंकल्याचे सहसा घडत नाही.

या शब्दाची दुसरी बाजू शब्दकोशात मुळीच दिसत नाही, ती म्हणजे मागणाऱ्याचे वर्तन. कायद्याने मिळणारा हक्क मागताना आपण कसे वागलात, हे सहसा कोणी विचारत नाही. इक्विटीची दाद मागताना तो पहिला प्रश्न असतो. मागणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत, त्याने स्वतः समोरच्याशी न्यायाने वागलेले असले पाहिजे, आणि त्याने उशीर केलेला नसावा. इसार पावतीच्या दाव्यात हे सर्वांत ठळक दिसते. सुरत-नागपूर महामार्गालगतची जमीन एखाद्याने थोडा इसार देऊन ठरवली, उरलेली रक्कम सहा महिन्यांत द्यायची होती, ती दिली नाही, आणि रस्ता चौपदरी होऊन भाव चढल्यावर तीन वर्षांची मुदत संपता संपता जुन्या भावाने खरेदीखत मागायला तो न्यायालयात आला, असे दावे आमच्याकडे ढिगाने झाले आहेत. असा करार पुरा करून मागण्याबाबतचा विशिष्ट अनुतोष कायदा 1963 चा. त्याच्या जुन्या कलम 20 प्रमाणे करारपूर्तीचा हुकूम देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर होते. 2018 च्या दुरुस्तीने तो विवेक बराच आवळला. तरीही आपण आपला भाग पार पाडायला सदैव तयार व राजी होतो, हे कलम 16 प्रमाणे खरेदीदाराला आजही सिद्ध करावे लागते. बँकेच्या पासबुकात पैसे नव्हते आणि तीन वर्षांत एकही नोटीस नाही, असे दिसले की दावा तेथेच लंगडा पडतो. माझ्या मते 2018 ची दुरुस्ती शहरी बांधकाम व्यवहारांकडे पाहून झाली आणि इसार पावतीवर चालणाऱ्या गावच्या व्यवहारात तिने विक्रेत्याची बाजू थोडी कमकुवत केली. परंतु हे माझे मत आहे, कायदा वर सांगितला तसाच आहे.

गहाणाच्या प्रकरणांत या शब्दाने एक निराळाच प्रवास केला आहे. जुन्या इंग्रजी कायद्यात ठरल्या दिवशी कर्ज फेडले नाही तर गहाण जमीन सावकाराची होई, मग कर्ज किमतीच्या दहाव्या भागाइतके का असेना. चॅन्सरीने म्हटले, गहाण हे तारण आहे, विक्री नव्हे; मुदत टळली तरी व्याजासह पैसे भरून जमीन सोडवून घेता येईल. या सोडवणुकीच्या हक्काला ‘इक्विटी ऑफ रिडेम्प्शन’ म्हणत, आणि आपल्याकडे तो 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 60 मध्ये आला. कर्ज वजा जाता मालमत्तेत मालकाचे जे मूल्य उरते त्यालाच मग इक्विटी म्हणू लागले, आणि कंपनीची सर्व देणी भागल्यावर उरेल त्यावर ज्याचा हक्क, तो इक्विटी शेअर, म्हणजे मराठीत समभाग. शेअर बाजारातली इक्विटी आणि न्यायालयातली इक्विटी या एकाच मुळाच्या आहेत, पण आज त्यांचा एकमेकींशी व्यवहार राहिलेला नाही. आमच्या भागातील मुदत खरेदीला मात्र हे तत्त्व फार उपयोगी होते. अडचणीपोटी शेतकरी ‘नावाला खरेदी’ करून देई आणि पैसे परत केल्यावर जमीन परत, असे तोंडी ठरे. ती अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानू नये, असे 1929 च्या दुरुस्तीने कलम 58 मध्ये घातले आहे, त्यामुळे वेगळ्या कागदावरील किंवा तोंडी वचनावर विसंबलेल्यांच्या जमिनी गेल्या आणि अजूनही जातात.

न्यायालयाबाहेर हा शब्द आपल्या कानांवर सर्वाधिक येतो तो पाण्याच्या संदर्भात, ‘समन्यायी पाणीवाटप’ या रूपाने. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा 2005 चा आहे. टंचाईची झळ खोऱ्यात सर्वांना सारखी बसावी म्हणून ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व धरणांत उपलब्ध पाण्याची टक्केवारी जवळजवळ समान राहील असे नियंत्रण करावे, असे त्याच्या कलम 12 मध्ये म्हटले आहे. येथे समानता घनफुटांची नाही, टक्केवारीची आहे. लहान धरणाने लहान तोटा सोसायचा, मोठ्याने मोठा. गोदावरी खोऱ्यात नाशिक-अहिल्यानगरची (पूर्वीच्या नगरची) धरणे आणि जायकवाडी यांच्यात वर्षानुवर्षे चाललेला झगडा याच कलमावरून आहे.

परंतु कायद्याच्या पुष्कळ आधी पांझरा नदीच्या काठी हेच तत्त्व फड पद्धतीने राबवले होते. साक्री-धुळे भागात बंधाऱ्याखालील शेतजमीन तीन-चार फडांत विभागलेली असे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पिके फडाफडांतून फिरवायची. पाणी कमी असलेल्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा हे गाव ठरवी. बहुतेकांच्या जमिनी एकाहून अधिक फडांत विखुरलेल्या असल्याने तुटीचा भार एकट्यावर पडत नसे. पाणी सोडायला पाटकरी, पिकांची राखण करायला जागल्या, अशी माणसे नेमलेली असत. पाटकऱ्याने शेत भिजवायचे, मालकाने बारे धरायचे नाही, ही त्यातली खरी खुबी होती, कारण पाळीची भांडणे पाणी मालकाच्या हातात आले की सुरू होतात. वर सांगितलेल्या रात्रीच्या पाळीच्या भावांना असा एखादा पाटकरी लाभता तर बरे झाले असते.

इंग्रजीतील ‘फेअर’ आणि ‘इक्विटेबल’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, एवढे जाता जाता सांगतो. ‘फेअर’ बहुधा किंमत किंवा पद्धत यांना लागतो आणि त्याला आपल्याकडे जुने शब्द आहेत: रेशनचे दुकान हे रास्त भाव दुकान, उसाचा दर रास्त व किफायतशीर, आणि 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या नावात वाजवी भरपाई. ‘इक्विटेबल’ला एकाहून अधिक हक्कदार लागतात आणि त्यांच्या परिस्थितीत फरक असावा लागतो. एकट्या माणसाचे इक्विटेबल काही होत नाही.

आता आपल्या नोटिशीकडे येतो. उत्तर पाठवताना ‘इक्विटेबल’ला हरकत घेऊ नये, हिश्श्याचे प्रमाण एक तृतीयांश असल्याचे स्पष्ट मान्य करावे आणि थोरल्या बंधूंकडूनही ते मान्य करून घ्यावे. बहिणीला वगळून केलेले वाटप टिकणार नाही, म्हणून ताईंचे नाव उत्तरातच घालावे. विहीर कोणाच्या पैशाने झाली याचे कागद, म्हणजे सोसायटीच्या कर्जाचा उतारा, केळीच्या पट्टीच्या पावत्या आणि त्या वर्षांचे पीकपाहणी असलेले सातबारा, आत्ताच काढून ठेवावेत. प्रकरण दाव्यापर्यंत गेलेच, तर समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत, आणि न्यायालयाने कारण नोंदवून मुदत दिली तर 90 दिवसांपर्यंत कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, द्यायची असते. तीत केवळ वादीचे म्हणणे खोडून थांबू नये, आपलाही हिस्सा स्वतंत्र मागून त्यावरचे कोर्ट फी स्टॅम्प भरावेत, कारण वाटपाच्या दाव्यात प्रतिवादीही वादीच्याच जागी असतो. रस्ता, विहिरीची फिरती पाळी, उभ्या पिलबागेचा (केळीच्या खोडव्याचा) हंगाम कोणी काढायचा आणि कोणता गट अखंड ठेवायचा, या मागण्या तीतच नेमक्या शब्दांत लिहाव्यात. शेतसारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. हुकूमनामा तहसील कार्यालयात पोहोचून मोजणीदार बांधावर आला की तो हुकूमनाम्यात लिहिले आहे तेच पाहतो, आणि तेव्हा सांगितलेल्या अडचणी ऐकून घेण्याचा त्याला अधिकार नसतो.